स्पितीसाठी भाड्याची जिम्नी, तंबू आणि मुक्कामांचा कागद

चंदीगडला उतरायचं, तिथे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी भाड्याने घ्यायची, तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग त्याच माणसांकडून घ्यायचं, हिमाचलातल्या किन्नौरातून स्पितीत शिरायचं आणि मनालीच्या बाजूने खाली यायचं. अशी सोय करून देणारी एक छोटी संस्था चंदीगडच्या वेशीवर आहे. जूनच्या उत्तरार्धात मी आणि माझी थोरली बहीण त्यांच्यामार्फत जाऊन आलो. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. खाली दोन तक्रारी आहेत, त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आणि त्यांनी नीट ऐकून घेतल्या. तुम्ही कुठूनही गाडी घेतलीत तरी काय बघायचं, काय विचारायचं हे कळणं जास्त कामाचं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. एप्रिलची खरड छाटणी, मग विरळणी, सबकेन, शेंडे खुडणं, ही बागेतली सगळी कामं उरकेपर्यंत जून अर्धा सरतो आणि मग थोडे दिवस हात मोकळे होतात. स्पितीतून मनालीकडे उतरायचा कुंझुम घाट बहुतेक वर्षी तोवर उघडलेला असतो आणि किन्नौरात पावसाळी दरडींचा जोर अजून यायचा असतो. त्यामुळे आम्हाला जायचं तर जूनचा उत्तरार्धच सोयीचा. ताई नाशिकला नर्स आहे, तिने रजा मार्चमध्येच टाकली होती.

फोनवर चौकशी केली तेव्हाच या लोकांचं वेगळेपण कळलं. बाकीच्यांनी पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ असा केला. यांनी विचारलं, ‘याआधी जास्तीत जास्त किती उंचीवर झोपला आहात?’ गेलात किती उंचीवर हे नाही, झोपलात किती उंचीवर. आम्ही सांगितलं, महाबळेश्वर. त्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले की मग मनालीकडून आत जाण्यासाठी गाडी मिळणार नाही, शिमल्याकडूनच, म्हणजे किन्नौरातून, जावं लागेल.

आपल्याकडची बरीच मंडळी मनालीकडून शिरतात, कारण अंतर कमी. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून रोहतांग घाट चढावाही लागत नाही. नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की लाहौल, तिथून ग्रांफू, बातल, की संध्याकाळी चंद्रताल तलावाजवळ तंबूत. ऐकायला छान वाटतं. पण मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,२५० वर. म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) उंचीपेक्षाही जास्त चढ एका दिवसात, आणि वर गेल्यावर तिथेच झोपायचं. रात्री डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर उपाय एकच, खाली उतरणं. आणि खाली उतरायचा रस्ता म्हणजे अंधारात, रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडत. ताईने हे ऐकलं आणि म्हणाली, ‘या माणसाकडूनच घ्यायची गाडी.’

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा चावीच्या आधी त्यांनी एक कागद पुढे ठेवला. हाताने लिहिलेला. प्रत्येक मुक्कामासमोर गावाचं नाव, झोपायची उंची, त्या दिवशीचा रस्ता कसा आणि निघायची वेळ. पहिला मुक्काम नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. मग सतलजच्या काठाने रामपूरवरून कल्पा, २,९६० च्या आसपास. त्यानंतर मला नाकोला राहायचं होतं, तळं आहे म्हणून. कागदावर नाको खोडून ताबो लिहिलं होतं. नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, ताबो ३,२८० वर. नाको दुपारी बघा, जेवा, आणि झोपायला खाली ताबोला जा, असा हिशेब. ताबोनंतर काझा, आणि काझात एकाहून जास्त रात्री. दिवसा लांग्झा, हिक्कीम, कॉमिक या चार-साडेचार हजार मीटरवरच्या गावांना जाऊन यायचं, झोपायला मात्र काझात परत. चंद्रताल सगळ्यात शेवटी, अंगाला सवय झाल्यावर.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. तो नियम यांनी रस्त्यावर बसवून दिला होता. मी ‘एक दिवस वाचवता येईल का?’ विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, ‘दीदी, जल्दी किस बात की है?’ आणि कागदावर बोट ठेवून बसले. ताईने सोबत नेलेल्या ऑक्सिमीटरवर रोज सकाळी दोघींचे आकडे ती वहीत लिहीत होती. चंद्रतालच्या रात्री डोकं थोडं जड होण्यापलीकडे आम्हाला काही झालं नाही. या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते ते या कागदासाठी. गाडी काय, कुठेही मिळेल.

आता गाडी. पाच दारांची मारुती जिम्नी, हाताने गियर टाकायची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. हे आधी बघा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला अशीच पाटी लागते. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी कोणी ‘मित्राची आहे, घेऊन जा’ म्हणून दिली तर ती घेऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि वाटेत तपासणीत अडकलात तर सहल तिथेच संपते.

जिम्नी चार मीटरच्या आतली, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, खाली शिडीसारखी चासी आणि पुढे-मागे चाकांना जोडणारे अखंड अ‍ॅक्सल. ग्रांफू ते बातल या सुमारे पन्नास किलोमीटरच्या रस्त्यावर मला तिच्या आखूडपणाचं फार कौतुक वाटलं. समोरून ट्रक आला की दगड आणि दरी यांच्या मधल्या जागेत ती सरकून उभी राहते. पण सामानाची जागा फक्त २०८ लिटर आहे. दोन माणसं आणि तंबूचं सामान एवढंच तिच्यात नीट बसतं, तेही मागची सीट पाडून. चौघांनी तंबूसकट जायचं असेल तर जिम्नी घेऊ नका.

इंजिन दीड लिटरचं पेट्रोल, १०५ पीएस ताकदीचं, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्याहून थोडाच जास्त असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढीच कमी हवा मिळते, म्हणून ताकदही त्या मानाने उतरते. कुंझुमच्या (४,५५१ मीटर) चढावर दुसऱ्या गियरच्या वर जाता येईना. हा गाडीचा दोष नाही, हवेचा हिशेब आहे. तरी संस्थेने आधी बजावलं होतं की टर्बोवाली महिंद्रा थार घ्यायची असेल तर भाडं जास्त पण चढाला दम जास्त. आम्ही दोघीच होतो, घाई नव्हती, म्हणून जिम्नीच बरी. तुम्ही तिघं-चौघं असाल तर थारचं विचारा.

फोर बाय फोर कधी लावायचं हे त्यांनी मोकळ्या मैदानात अर्धा तास शिकवलं. मला ते लवकर समजलं, कारण रानात ट्रॅक्टरचा लो गियर रोजचा आहे. डांबरी रस्त्यावर टू एच, म्हणजे ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. खडी, माती, बर्फ लागलं की फोर एच, म्हणजे चारही चाकांना, ते चालत्या गाडीत टाकता येतं. फोर एल म्हणजे लो, तो गाडी थांबवून, क्लच दाबूनच टाकायचा, नाल्यासाठी आणि उभ्या चढ-उतारासाठी. कोरड्या डांबरावर फोर एच ठेवून वळणं घेऊ नयेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची जोडणी, नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळा ताण गियरच्या दांड्यांवर येतो. सगळ्यांना हे शिकवलंच पाहिजे, पण चंदीगडात ज्या तीन ठिकाणी मी चौकशी केली तिथे बाकी कोणी हा विषयच काढला नाही.

टायरच्या हवेबद्दल मला त्यांच्याकडून नवीन कळलं. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो म्हणून मापात टायरची हवा वाढलेली दिसते. थंडीने ती उतरते. दोन्ही गोष्टी एकदम होत असल्यामुळे अंदाज चालत नाही. रोज पहाटे, गाडी हलवण्याआधी, गार टायरवर मोजायचं. दगडी रस्ता सुरू झाला की थोडी कमी करायची, म्हणजे टायर दगडाभोवती वाकतो आणि पाठीला कमी धक्के बसतात. डांबर लागलं की लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने परत भरायची. वर हवा विरळ, त्यामुळे तो पंपही दमाने भरतो, घाई करून तापवू नये. जॅकखाली ठेवायला सागाची जाड फळी त्यांनी दिली होती. वाळूखडीत नुसता जॅक टेकवला तर तो जमिनीत रुततो, गाडी वर येतच नाही. एवढा विचार केलेला बघून बरं वाटलं.

वाटेत किन्नौरात रिब्बा गाव लागतं. तिथली द्राक्षं आणि त्यांची ‘अंगूरी’ दारू प्रसिद्ध आहे. आम्ही दारूसाठी थांबलो नाही, पण वेली बघायला थांबलो. डोंगर उतारावर, इतक्या उंचीवर, द्राक्ष. एका आजींना मी हातवारे करून आमची मांडव पद्धत समजावली, त्यांनी जर्दाळू हातात ठेवले. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, बाहेरून मातीचा आणि आत भिंतभर चित्रं. आत फोटो काढू देत नाहीत ते उत्तमच आहे. माणूस डोळ्यांनी बघतो.

काझात पेट्रोल पूर्ण भरून घ्या. जिम्नीची टाकी ४० लिटरची. चंद्रताल धरून मनालीपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होतात आणि फोर एलमध्ये गाडी पेट्रोल पिते, तरी भरलेली टाकी पुरते. मधे पंप नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका म्हणून संस्थेने निक्षून सांगितलं होतं आणि कॅन दिलाही नाही. लोसर हे कुंझुमच्या अलीकडचं शेवटचं गाव. तिथून पुढे आमचे दोन्ही फोन मुके झाले ते बोगद्याजवळ येईपर्यंत. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि घरी सांगून ठेवा, म्हणजे मागे जीव टांगणीला लागत नाही.

कुंझुमवर देवीचं मंदिर आहे. तिथले ड्रायव्हर मंदिराला गाडीने प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात. आम्हीही घातली.

नाल्यांबद्दल कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सकाळी सहाला निघा’. बर्फ दिवसा वितळतं, ते पाणी दुपारनंतर नाल्यात उतरतं. सकाळी पोटरीएवढा असलेला नाला दुपारी तीनला बॉनेटशी खेळतो. बातलहून आम्ही पहाटेच निघालो. समोरची गाडी कुठून गेली ते बघायचं, फोर एल, पहिला गियर, एकसारखा पाय, मधे गियर बदलायचा नाही, क्लच अर्धा दाबायचा नाही, थांबायचं नाही. छत्रूच्या अलीकडे एक टेम्पो ट्रॅव्हलर नाल्यात अडकला होता. आमच्या गाडीत ओढायचा पट्टा होता, हुकासकट, तोही संस्थेनेच घातलेला. दोन गाड्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं. त्यातल्या गुजराती कुटुंबाने आम्हाला थेपले दिले, ते मनालीपर्यंत पुरले.

तंबूच्या बाबतीत मात्र मला बोलायचं आहे.

टपावर उघडणारा तंबू मी फोनवर मागितला होता. त्यांनी नाही म्हटलं. असे तंबू पन्नास-साठ किलोचे असतात, जिम्नी आधीच अरुंद आणि उंच, वर तेवढं वजन चढवून आडव्या उतारावर गाडी नेणं धोक्याचं. पटलं. त्याऐवजी जमिनीवरचा दोन थरांचा घुमटी तंबू दिला. तंबू चांगला होता, शिवणी धड, खांब धड. स्पितीत दुपारनंतर वारा जोरात सुटतो आणि जमीन इतकी दगडी की साध्या खुंट्या आत जात नाहीत. त्यांनी लांब पोलादी खुंट्या आणि जादा दोऱ्या दिल्या होत्या. खुंटी शिरली नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधली. स्टोव्ह आणि गॅसची नळकांडीही त्यांचीच, कारण विमानात ती नेता येत नाहीत. उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात भात कच्चा राहतो. त्यांनी छोटा प्रेशर कुकर दिला हे फार शहाणपणाचं. आम्ही मुगाची खिचडी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

पहिली तक्रार स्लीपिंग बॅगची. पिशवीवर ‘उणे १० अंश’ असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. आतली पट्टी शोधून बघितली, तर तो आकडा ‘एक्स्ट्रीम’चा होता. स्लीपिंग बॅगवर तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानाला माणूस नीट झोपतो, ‘लिमिट’ म्हणजे कुडकुडत का होईना पण निभतं, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल, बाकी हमी नाही. भाड्याने देताना कम्फर्टचाच आकडा सांगायला हवा. चंद्रतालला रात्री पारा शून्याच्या आसपास गेला आणि ताईला अंगावर सगळे कपडे चढवून झोपावं लागलं. झोपायच्या चटयाही पातळ होत्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, त्यामुळे चांगल्या बॅगखाली पातळ चटई असेल तर बॅगेचा उपयोग अर्धा. जी माणसं झोपायच्या उंचीचा इतका बारकाईने विचार करतात त्यांनी झोपायच्या सामानात कसूर करावी, हे मला खटकलं आणि तसं मी त्यांना म्हटलं. तुम्ही जाल तेव्हा आतली पट्टी उघडून कम्फर्टचा आकडा स्वतः वाचा, आणि शक्य असेल तर घरचं एक लोकरी पांघरूण न्याच.

चंद्रतालच्या अगदी काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. कॅम्प अलीकडे काही किलोमीटरवर आहेत, गाडी वाहनतळापर्यंत जाते आणि तिथून तलावापर्यंत चालायचं. आम्ही एका कॅम्पवाल्याच्या जागेत पैसे भरून आमचा तंबू लावला, शौचालय त्यांचं वापरलं. काही लोक ‘आपण स्वतःचा तंबू आणलाय, काठावरच लावू’ म्हणून वाद घालत होते. असं करू नये. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आमच्या निफाडचं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण, तिथे लोक पक्ष्यांजवळ गाड्या नेतात, प्लास्टिक टाकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. संस्थेने कचऱ्यासाठी जाड पिशवी दिली होती आणि ती भरून परत आणली का हे गाडी परत घेताना विचारलं. मला हे फार आवडलं.

दुसरी तक्रार पैशांची. भाडं दिवसाला साडेचार हजार, तंबूचं सामान वेगळं, अनामत रक्कम वेगळी. भाडं मला रास्त वाटलं, गाडीची देखभाल बघता तर नक्कीच. पण टायरची बाजूची भिंत दगडाने कापली गेली तर पूर्ण टायरचे पैसे ग्राहकाचे, ही अट करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती आणि तोंडी कोणी सांगितली नाही. आमचा टायर कापला नाही. तरी ज्या रस्त्यावर टायर कापला जाणं हीच सगळ्यात जास्त शक्यता आहे, त्या रस्त्याला गाडी देताना ही अट पहिल्या पानावर हवी. करार आधी मागवून घरी बसून वाचा. अनामत रक्कम परत यायलाही दोनदा फोन करावा लागला.

गाडी घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, खालून चासीचाही. आम्ही काढला होता. परत देताना पुढच्या बंपरवरचा एक ओरखडा दाखवला गेला, व्हिडिओ बघितला, तो आधीचाच निघाला, विषय संपला. कोणी आवाज चढवला नाही.

ज्यांना गाडी चालवता येते पण डोंगरातली सवय नाही, आणि कोणी तरी शांतपणे बसून बेत दुरुस्त करून द्यावा असं वाटतं, त्यांनी अशाच माणसांकडे जावं. ज्यांच्याकडे स्वतःची चांगली स्लीपिंग बॅग आणि जाड चटई आहे त्यांनी ती विमानात चेक-इन करून न्यावी आणि बाकीचं सामान तिथून घ्यावं, वजनही वाचतं. ज्यांना तीन-चार दिवसांत सगळं उरकायचं आहे त्यांना ही संस्था गाडी देणार नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी गाडी हवी असेल तर मार्चमध्येच फोन करा, मेमध्ये उरत नाहीत. कुंझुम उघडला की नाही हे निघायच्या आठवड्यात काझाकडून खात्री करून ते स्वतः कळवतात, आणि बंद असेल तर काझाहून आल्या वाटेने किन्नौरातूनच परत यायची तारीख आधीच कागदावर लिहून देतात. त्या एका जादा दिवसाची सोय तुमच्या परतीच्या तिकिटात ठेवा.